बंद पडलेलं डीटीपीचं मशीन आणि त्यात अडकलेला कुलवृत्तांत

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात एका काकांचं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावून द्यायचं दुकान होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, देवस्थानचे वार्षिक अहवाल अशी नेहमीची कामं, आणि त्यातच एका घराण्याचा अख्खा कुलवृत्तांत त्यांनी लावून दिला होता. कोकणातल्या माणसाला कुलवृत्तांत काय ते सांगायला नको, मूळ पुरुषापासून आजपर्यंतच्या पिढ्या, कोण कुठल्या गावाला जाऊन राहिला, कोण दत्तक गेला, सगळं नावानिशी. पुस्तक छापून झालं, पुढे काही वर्षांनी दुकानही बंद झालं आणि मशीन कव्हर घालून पडवीला लागून असलेल्या खोलीत ठेवलं गेलं. आता त्या घराण्याला दुसरी आवृत्ती काढायची आहे. हस्तलिखित कागद वाळवीने खाल्ले, छापील प्रती आहेत पण शेकडो पानं परत टाईप करायची म्हणजे नावांच्या नव्या चुका आल्याच. टाईप केलेला मूळ मजकूर फक्त त्या मशीनमध्ये, आणि मशीन चालू होत नाही.

मला फोन आला तेव्हा घरच्यांनी आधीच बरेच प्रयत्न करून झाले होते. बटण दाबलं की फॅन अर्धा फेरा फिरून थांबायचा, परत दाबलं की कधी काहीच नाही, आणि मधेच एकदा चक्क डिस्प्ले आला, विंडोज एक्स्पीचा लोगो दिसला, मग निळी स्क्रीन आली जिच्यावर डिस्क तपासायची आहे, नको असेल तर 10 सेकंदात कुठलंही बटण दाबा असा इंग्रजी मेसेज होता. पुतण्याने ते बघून सरळ मेन स्विच बंद केला. हे त्याने फार चांगलं केलं. ती तपासणी म्हणजे चेकडिस्क, ती डिस्क नुसती बघत नाही तर तिच्यावर लिहिते, तुटलेल्या नोंदी आपल्या पद्धतीने जुळवते, आणि जुळल्या नाहीत तर तुकडे काढून नंबर दिलेल्या फाईलींमध्ये टाकते. डिस्क ठणठणीत असेल तर ठीक, पण म्हातारी झालेली डिस्क असेल तर ज्या नोंदींवरून फाईली शोधायच्या त्याच बदलून जातात.

मी फोनवर एवढंच सांगितलं की आता बटण दाबायचं नाही, वायर काढा, आणि मॉनिटर, कीबोर्ड काही नको, नुसता सीपीयू जसा आहे तसा पाठवा, मागे प्रिंटरच्या पोर्टला काही डबी लावलेली असेल तर ती काढू नका, मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं ते लॉक असतं.

इथे एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. कॉम्प्युटर चालू करणं आणि फाईली वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत. लोक दुकानात जातात आणि म्हणतात मशीन चालू करून द्या, मग दुकानदार त्याला जे विचारलंय तेच करतो, विंडोज नवीन टाकतो, मशीन चालू होतं आणि फाईली जातात, आणि त्यात त्याचा तरी काय दोष, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की आत काय आहे. म्हणून पहिलं वाक्य हेच बोलायचं की मला डेटा हवाय, मशीन नंतर बघू.

सीपीयू आला तो उघडला. कोकणातल्या दमट हवेत वर्षानुवर्षं बंद पडलेल्या मशीनमध्ये जे दिसतं ते सगळं होतं, पालीची लेंडकं, कॅबिनेटच्या पत्र्याला गंज, रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडलेल्या. मशीन साधारण 2005-06 च्या काळातलं असेंबल केलेलं, डिस्क 80 जीबीची, जुन्या आयडीई पद्धतीची म्हणजे रुंद चपटी केबल आणि 40 पिनांची. मी सगळ्यात आधी ती डिस्क काढली. मशीनचा एक स्क्रूही तपासायच्या आधी. कारण फॅन अर्धा फिरून थांबतो म्हणजे पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर जातो, आणि बिघडलेला एसएमपीएस नुसता बंद पडत नाही, कधी कधी चुकीचं व्होल्टेज सोडून डिस्कच्या सर्किटलाही सोबत घेऊन जातो. ज्या डिस्कची दुसरी कॉपी जगात नाही ती संशयित एसएमपीएसला लावून टेस्टिंग करायचं नसतं, एवढं तरी प्रत्येकाने पाळावं असं मला मनापासून वाटतं.

मग डिस्क. दुसऱ्या एका चालू असलेल्या जुन्या बोर्डला लावली, यूएसबी कन्व्हर्टर माझ्याकडे होता पण थेट बोर्डला लावली की डिस्कची स्वतःची तब्येतीची नोंद, म्हणजे स्मार्टचे आकडे, नीट वाचता येतात, बरेच कन्व्हर्टर ते पुढे पाठवतच नाहीत. कन्व्हर्टर वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी बघायच्या, मोठ्या साडेतीन इंची डिस्कला 12 व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॅप्टर लागतो, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही, आणि आयडीई डिस्कच्या मागचा बारका जंपर मास्टरवर असायला हवा नाहीतर ती दिसतच नाही आणि लोक समजतात डिस्क मेली.

पॉवर दिली आणि पहिल्यांदा कान दिला. एकसारखा फिरण्याचा आवाज आला, हेड म्हणजे डिस्क वाचणारी सुई बसल्याचा हलका आवाज, आणि शांत. इथे जर ठराविक लयीत टक टक टक असं आलं असतं किंवा फिरायचा आवाजच आला नसता तर मी तिथेच बंद करून ती डिस्क क्लीन रूम असलेल्या रिकव्हरी लॅबला पाठवायला सांगितली असती. टकटक म्हणजे बहुतेक वेळा हेड गेलेला असतो, आणि प्रत्येक वेळी चालू केल्यावर तो डिस्कच्या पृष्ठभागाला आणखी खरवडू शकतो. फ्रीजमध्ये ठेवायची, हातावर आपटायची, झाकण उघडून बघायची असे उपाय अजूनही लोक सांगतात. चालू असताना हेड आणि डिस्क यांच्यातलं अंतर नॅनोमीटरमध्ये असतं, घरातल्या हवेतला धुळीचा एक कण त्याच्यापुढे डोंगराएवढा होतो, आणि फ्रीजमधून काढलेल्या डिस्कमध्ये दव धरतं. तसंच खालचं सर्किट दुसऱ्या डिस्कचं लावून चालेल असंही नाही, त्याच्यावरच्या एका चिपमध्ये बहुतेक वेळा त्याच डिस्कपुरती खास माहिती भरलेली असते.

स्मार्टचे आकडे वाचले तर वापराचे तास बरेच, आणि पेंडिंग सेक्टर शून्य नव्हते, सेक्टर म्हणजे डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे. पेंडिंग म्हणजे डिस्क म्हणतेय की इथे वाचताना मला अडचण आली, पण अजून मी ह्याचा निकाल लावलेला नाही. म्हणजे डिस्क जिवंत आहे पण वेळ थोडा आहे. अशा वेळी सगळ्यात मोठा मोह हा असतो की डिस्क दिसतेय तर घ्या पटापट फोल्डर उघडून कॉपी-पेस्ट. तो मी टाळतो. कॉपी-पेस्ट करताना विंडोज एखाद्या खराब जागेवर अडकलं की तिथेच पुन्हा पुन्हा आपटत राहतं, चांगल्या फाईली रांगेत मागे राहतात, आणि तेवढ्यात डिस्क जाते.

म्हणून विंडोजऐवजी लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचं प्रोग्रॅम चालवलं. हे प्रोग्रॅम फाईली बघत नाही, सेक्टर बघतं, डिस्कची पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत हुबेहूब इमेज बनवतं, 80 जीबीच्या डिस्कवर 512 बाइटचे साधारण 15 कोटी 63 लाख सेक्टर असतात तेवढे सगळे. ह्याची खुबी अशी की जे सहज वाचता येतं ते पहिल्या फेरीत उचलतं आणि खराब भाग दिसला की तिथे न अडकता उडी मारून पुढे जातं, आणि काय वाचलं काय राहिलं त्याचा नकाशा एका वेगळ्या फाईलमध्ये लिहून ठेवतं. नारळ काढताना आधी हाताला येणारे काढायचे आणि शेंड्याचे शेवटी, तसंच. मधेच लाईट गेली तरी नकाशा असेल तर तिथूनच पुढे सुरू होतं, आणि आपल्याकडे लाईट जातेच.

करताना दोन काळज्या. एक म्हणजे कुठून कुठे कॉपी करायची ते उलट टाकलं गेलं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि खेळ संपतो, म्हणून मी नुसत्या नावावर विश्वास ठेवत नाही, साईज आणि डिस्कवर छापलेला सीरियल नंबर दोन्ही जुळवून मगच एंटर मारतो. दुसरं म्हणजे इमेज ठेवायची डिस्क फॅट32 फॉरमॅटची नको, तिच्यात 4 जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसतच नाही. आणि लिनक्सला सांगून ठेवायचं की डिस्क लावल्या लावल्या आपोआप माउंट करू नकोस, म्हणजे फाईली बघण्यासाठी उघडू नकोस.

पहिली फेरी रात्रभरात झाली आणि जवळजवळ सगळी डिस्क आली. उरलेल्या तुकड्यांवर मग त्याला पुन्हा पुन्हा प्रयत्न करू दिले, त्यात आणखी काही निघालं, आणि शेवटी न वाचता आलेला भाग एक एमबीच्याही आत राहिला. तिथे थांबलो. डिस्क काढून अँटिस्टॅटिक पाकिटात घातली, वर तारीख आणि नाव लिहिलं, आणि त्यानंतर तिला पॉवर दिलेली नाही.

एक एमबी म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ती नेमकी कुठली हा प्रश्न असतो, रिकाम्या जागेतली असेल तर काही बिघडत नाही आणि फाईलच्या सुरुवातीची असेल तर अख्खी फाईल उघडत नाही. हे शोधायला एक छान पद्धत आहे. इमेजची एक जादा कॉपी करायची, आणि नकाशा वापरून डीडीरेस्क्यूलाच सांगायचं की जिथे जिथे वाचता आलं नाही तिथे तिथे एक ठराविक शब्द भरून टाक. मग ती कॉपी फक्त वाचण्यापुरती माउंट करून सगळ्या फाईलींमध्ये तो शब्द शोधायचा. ज्या फाईलीत सापडला ती जखमी, बाकी सगळ्या शाबूत. त्यात विंडोजच्या काही फाईली निघाल्या, काही जुन्या पत्रिका, आणि कुलवृत्तांताच्या फोल्डरमधली एक पेजमेकरची, म्हणजे पानं लावायच्या सॉफ्टवेअरची फाईल, एका शाखेचं प्रकरण. लिनक्समध्ये बघायचा आणखी एक फायदा म्हणजे एक्स्पीच्या युजर फोल्डरला विंडोजमध्ये जो अ‍ॅक्सेस डिनाइडचा अडथळा येतो तो इथे येत नाही.

आता डेटा सुरक्षित होता, मग मशीनकडे वळलो. आणि मशीन खरंच लागणार होतं. पेजमेकरचं 7.0 हे शेवटचं व्हर्जन 2001 सालचं, अडोबीच्या इनडिझाइनमध्ये त्या फाईली सीएस6 पर्यंतच उघडायच्या, नंतरच्या व्हर्जनमध्ये ती सोयच राहिली नाही. काकांच्या मशीनवर पेजमेकर, फाँट, सगळं जसं लावलेलं होतं तसंच उघडलं तर सगळ्यात सोपं पडणार होतं.

एसएमपीएस आधी बाहेर काढून एकटाच तपासला. 24 पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला टेकवली की तो बोर्डाशिवाय चालू व्हायला हवा, पण नुसता फॅन फिरला म्हणून पास करायचा नाही, थोडा लोड लावून मल्टिमीटरने पिवळ्या वायरवर 12 आणि लालवर 5 व्होल्ट मोजायचे, पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे 12 ची लाईन 11.4 च्या खाली गेली की तो बाद. हा गेला होता. उघडून दुरुस्त करायच्या फंदात मी पडलो नाही आणि ज्यांना त्यातलं येत नाही त्यांनी तर बिलकुल पडू नये, आतल्या मोठ्या कपॅसिटरवर वायर काढल्यानंतरही काही वेळ 300 व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. सेकंडहँड पण तपासलेला एसएमपीएस लावला.

फॅन फिरला, डिस्प्ले नाही, थांबून थांबून लांब बीप. बहुतेक बोर्डांवर ह्याचा अर्थ रॅम. काढली, पट्ट्या पेन्सिलच्या खोडरबरने घासल्या, स्लॉट ब्रशने साफ केला, परत बसवली आणि डिस्प्ले आला. रॅम घासण्याचा हा उपाय गल्लीतल्या प्रत्येक रिपेअरवाल्याला माहीत असतो आणि दमट गावात तो खरोखर लागू पडतो. प्रोसेसरजवळचे कपॅसिटर बघितले, त्या काळातल्या बऱ्याच बोर्डांचे कपॅसिटर डोक्याकडून फुगून तपकिरी पाणी सोडतात, इथे एक थोडा फुगलेला होता पण बोर्ड स्थिर चालत होता, दोनचार आठवड्यांचं काम काढायचं होतं म्हणून राहू दिला. बटणासारखा सेल, सीआर2032, तो पार उतरलेला, नवीन घातला, तारीख वेळ आणि बायोसची सेटिंग परत भरली. मग इमेज एका दुसऱ्या चांगल्या आयडीई डिस्कवर उतरवली, लावली, आणि एक्स्पी उठलं. नेटला मात्र ते जोडलं नाही, एक्स्पीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला संपला, असं मशीन आता नेटवर सोडायचं नसतं.

पेजमेकर उघडलं आणि कुलवृत्तांताचं पहिलं पान जसंच्या तसं समोर आलं तेव्हा फोनवर काकांचा आवाज भरून आला होता. त्यांनी ह्या पुस्तकावर किती रात्री घातल्या असतील.

पण मराठीच्या बाबतीत फाईल सापडली म्हणजे मजकूर वाचला असं होत नाही, आणि ही गोष्ट डेटा रिकव्हरीवाल्यांनाही बरेचदा लक्षात येत नाही. पेजमेकरला युनिकोड, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा वेगळा नंबर देणारी पद्धत, कळत नव्हतं. म्हणून त्या काळातल्या सगळ्या मराठी डीटीपीत, श्रीलिपी असो की दुसरं कुठलं, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले फाँट वापरायचे. फाईलीत खरं तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, फाँट त्यांना मराठी दाखवतो. तो फाँट नसलेल्या मशीनवर तीच फाईल उघडली की नुसती चिन्हांची खिचडी दिसते आणि माणूस म्हणतो फाईल करप्ट झाली. त्यात पेजमेकर विचारतं की हा फाँट नाही, त्याच्याऐवजी दुसरा घेऊ का, आणि तिथे कायमचा बदल निवडून सेव्ह केलं तर कुठला परिच्छेद कुठल्या फाँटमध्ये होता ही माहितीच पुसली जाते. म्हणून जुन्या मशीनमधून माय डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप काढणाऱ्याने विंडोजचा फाँट्स फोल्डर काढलाच पाहिजे, आणि टायपिंगचं लॉक म्हणजे ती मागची डबी सांभाळून ठेवली पाहिजे. मराठी डेटाचा अर्धा जीव फाँटमध्ये असतो.

पेजमेकरमधून मजकूर बाहेर काढताना नुसत्या टेक्स्टमध्ये न काढता आरटीएफ ह्या फाईलच्या प्रकारात काढला, कारण आरटीएफमध्ये फाँटची नावं टिकतात. एकाच ओळीत मराठी नाव आणि पुढे इंग्रजी ईमेल असेल तर कन्व्हर्टरला कळायला हवं की कुठे हात लावायचा नाही, नाहीतर ईमेलचंही मराठी होऊन बसतं. मग युनिकोड. इथे क्रमाचा गोंधळ असतो, जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाईप व्हायची जशी ती दिसते, युनिकोडमध्ये ती व्यंजनाच्या नंतर येते, आणि रफार बरोबर उलटा, तिथे शेवटी आणि इथे आधी. चांगले कन्व्हर्टर एवढं सांभाळतात, पण कऱ्हाड, वऱ्हाड, दुसऱ्या ह्यातला र बरेचदा मार खातो, अवग्रह आणि अवतरणचिन्हं बदलतात. वंशवृक्षाची पानं तर सगळ्यात त्रासाची निघाली, काकांनी प्रत्येक नाव वेगळ्या चौकटीत लावलेलं, त्यामुळे बाहेर काढल्यावर बाप आणि मुलगा यांची ताटातूट, ती छापील पुस्तक समोर ठेवून हाताने जोडावी लागली.

ती जखमी फाईल राहिली होती. तिची दुसरी प्रत मिळाली नाही, पण काकांची एक चांगली सवय होती, प्रेसला पाठवलेल्या पोस्टस्क्रिप्ट फाईली, म्हणजे छपाईसाठी तयार केलेली पानं, त्यांनी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या होत्या. त्यातली ह्या प्रकरणाची फाईल शाबूत होती, घोस्टस्क्रिप्ट नावाच्या प्रोग्रॅमने तिची पीडीएफ केली आणि पानं जशी छापली तशी दिसली. त्यातून मजकूर उचलता येत नव्हता, म्हणून तेवढं एक प्रकरण परत टाईप केलं.

तपासणी घराण्यातल्याच लोकांनी केली, जुन्या प्रेसच्या पद्धतीने, एकाने छापील पुस्तक मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने स्क्रीनवर बघायचं. कुलवृत्तांतात प्रत्येक व्यक्तीला क्रमांक असतो, त्यामुळे कुठे नाव गळलं तर क्रमांकावरून लगेच कळतं, आणि मागच्या नावांच्या सूचीशी ताळा घेतला की उरलेल्या चुका सापडतात.

आता मूळ इमेज, फाँट, पेजमेकरच्या फाईली, पीडीएफ आणि युनिकोड मजकूर असा सगळा संच तीन ठिकाणी आहे, एक गावात, एक मुंबईत एका नातेवाईकाकडे आणि एक क्लाउडवर, आणि मूळ डिस्क दुसरी आवृत्ती छापून होईपर्यंत टाकायची नाही असं ठरलंय. काकांचं मशीन परत त्यांच्याकडे गेलं, आतली क्लोन केलेली डिस्क चालते, त्यात त्यांच्या जुन्या पत्रिका ते अधूनमधून बघतात. पहिल्या आवृत्तीत लेकींच्या शाखा एका ओळीत संपवल्या होत्या, आता त्या पूर्ण घालायच्या आहेत. मजकूर युनिकोडमध्ये आल्यामुळे माहेरचं नाव टाकून सर्च केलं की जुनी नोंद सापडते, आणि पुढची माहिती मागायला कोणाला फोन करायचा ते कळतं.